पहिल्या पावलाचा माणूस

खोआतने उजवा पाय उचलला, हवेत जरासा धरला आणि उंबऱ्याच्या अलीकडेच परत खाली ठेवला.

आत सगळी तयारी होती. दुएत कडक इस्त्रीच्या शर्टात, मोबाइल वर धरून व्हिडिओ काढत उभा. त्याची बायको गाम चहाचं तबक घेऊन त्याच्या शेजारी. दुएतची म्हातारी आई मखमली झग्यात खुर्चीवर ताठ बसलेली. पहाटेपासून या घरात कुणी बाहेरचं आलं नव्हतं. शेजारची मांजर आत घुसायला बघत होती, तिला म्हातारीने चप्पल दाखवून पिटाळली होती. तेतच्या, म्हणजे नव्या वर्षाच्या, पहिल्या सकाळी जो घरात पहिला येतो तो वर्षही स्वतःसारखंच घेऊन येतो, आणि व्हिएतनाममधल्या नामदिन्हच्या त्या गल्लीत हा मान बरीच वर्षं एकट्या खोआतचा होता. मांजरीपासून वॉर्डाच्या साहेबापर्यंत बाकी सगळ्यांनी त्याच्या मागून यायचं.

"काय काका, यंदा काय सोंग?" दुएतने विचारलं.

सोंगं खोआतने थोडी केली नव्हती. नळ, बेसिन आणि कमोड विकणारा माणूस तो. सायकलला नळ लटकवून सुरुवात केली आणि तीन दुकानांपर्यंत पोचला. एका तेतला तो धनदेवतेची दाढी लावून, गळ्यात कमोडचं झाकण अडकवून गल्लीभर फिरला होता. एकदा घरोघरी लाल फीत बांधलेला एकेक नळ दिला, म्हणाला, सोडा नळ, वाहू दे पैसा. हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं की हा पठ्ठ्या एकदम गंभीर व्हायचा आणि वर्षभराचा सल्ला द्यायचा. पहाटे पाचला उठा. कमाईतला तिसरा हिस्सा स्वतःच्या बायकोलाही दाखवू नका. दाताच्या डॉक्टरने त्याचं ऐकून वर्षभर पाचला दवाखाना उघडला. नऊच्या आत एक दात आला नाही, पण फरशी आरशासारखी झाली.

या घराला त्याने गेल्या साली सांगितलं होतं, छोटं राहायची सवय लावून घेऊ नका. घर नुसतं राहायला नसतं, त्यालाही कामाला लावा. दुएत आणि गाम बाहेरच्या खोलीत दोन मशीनवर शाळेचे गणवेश शिवायचे. त्यांनी ते मनावर घेतलं. घर बँकेकडे गहाण ठेवायचं, शेड भाड्याने घ्यायची, वीस मशीन टाकायची, असं ठरलं. तेत संपून बँक उघडली की सहाव्या दिवशी सही. खोआतला तारीख पाठ होती.

त्यांना एक गोष्ट माहीत नव्हती. ज्या बिल्डरने चार इमारतींचे नळ-बेसिन उधारीवर उचलले, तो पळाला होता, आणि सरत्या वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात खोआतचं तिसरं दुकानही गेलं होतं. पहिली दोन त्याआधीच. गल्लीला कळणार कसं? तेतला सगळ्यांचीच शटरं खाली असतात. "नव्या वर्षात भेटू" असा लाल कागद सगळ्यांनी चिकटवला, खोआतनेही चिकटवला. सुट्टीचं शटर आणि कायमचं शटर बाहेरून सारखंच दिसतं.

फक्त त्याच्या बायकोला, होआईला, ठाऊक होतं. ती सकाळी म्हणाली होती, ताप आलाय म्हणून सांग आणि पडून राहा. खोआत म्हणाला, तेतला तापाने पडलेला नशीबवान माणूस पाहिलायस का कधी? मग तो मरून रंगाचा कोट चढवून निघाला. डॉक्टरकडे गेला, टोफूवाल्या थ्युईमावशीकडे गेला, हसला, चहा प्याला, पोरांना पैशांची लाल पाकिटं वाटली. तिथे त्याला फारसं काही वाटलं नाही. टोफू काय, कुणाच्याही पायगुणाने विकला जातो. या घराची गोष्ट वेगळी होती.

तेतच्या आधी तो एकदा इथे खरं सांगायला येऊन गेला होता. तेव्हा अंगणात पानांत बांधलेला भात शिजत होता. त्याने तोंड उघडायच्या आत गामने एक गरम पुडकं त्याच्या हातावर ठेवलं, आणि तो भाजलेला हात फुंकत घरी परतला. आज तर तोंडाला कुलूपच होतं. वर्षाच्या पहिल्या दिवशी बुडालं, गेलं, संपलं असले शब्द कुणी काढत नाही. सकाळी म्हातारीच्या हातून कप फुटला तर तिने तुकडे असे गुपचूप उचलले की जणू कप फिरायला गेलाय.

म्हणून गल्लीच्या कोपऱ्यावर त्याने ठरवलं, आत जायचंच नाही. तोंडाला येत नाही ते पायाने सांगायचं. दुएत आणि गाम बिचकतील, चार लोकांना विचारतील, बँकेच्या पायरीवर थबकतील. तेवढं पुष्कळ झालं.

दुएत विनोदाची वाट बघत राहिला. मग त्याचा मोबाइल धरलेला हात हळूहळू खाली आला. खोआत बूट काढायलाही वाकला नव्हता.

"काका, चहा निवतोय," गाम म्हणाली.

खोआत म्हणाला, मी इथूनच शुभेच्छा देतो, इथून काय कमी पोचतात? गामने त्याच्या बुटांकडे पाहिलं.

"डॉक्टरकडे आत गेलात," ती हळू म्हणाली. "दाराच्या फटीतून बघत होते मी. थ्युईमावशीकडेही गेलात."

"गेलो."

"मग आमच्यातच काय खोट दिसली तुम्हाला?"

सगळ्या गल्लीचे हिशेब करून देणाऱ्या माणसाने एवढा एक हिशेब केला नव्हता.

म्हातारी खुर्चीवरून उठली आणि पूर्वजांच्या फोटोंसमोर जाऊन पुटपुटायला लागली. धूप वाकडा लागला का, फळं मोजून ठेवली नाहीत का, एकेक चूक शोधून ती माफी मागत होती. दुएत दबक्या आवाजात बायकोला म्हणाला की वर्षाच्या शेवटच्या रात्री मशीन चालवू नको म्हणून सांगितलं होतं. ती म्हणाली, ऑर्डर कुणाची होती? तुझ्याच मामाची ना? दोघांपैकी एकानेही आवाज चढवला नाही. पहिल्या दिवशी भांडतही नाहीत.

"अरे, तुमच्यात काही नाही," खोआत म्हणाला. "मला आधी एक सांगा. बँकेत सहीला सहाव्या दिवशीच जाणार ना तुम्ही?"

नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिलं. एवढ्या घाबरलेल्या चेहऱ्यांवरही त्यांना हसू लपवता येईना.

"झाली सही," दुएत म्हणाला. "तुम्हीच सांगता ना, चांगलं काम पुढच्या वर्षावर ढकलायचं नाही. बँक बंद व्हायच्या दिवशी शेवटचे आम्हीच होतो. मशीनवाल्याला पैसेसुद्धा पोचले. तुम्ही आत आलात की तोंड गोड करून सांगणार होतो."

गल्लीत कुणाकडे तरी माइकवर गाणं सुरू झालं होतं. खोआतने कोटाचं बटण लावलं, परत काढलं. गाम अजून त्याच्याकडेच बघत होती. तिला बँकेचं काही पडलं नव्हतं. आपल्या घराला काय लागलंय, एवढंच तिला हवं होतं. हाच चेहरा घेऊन ती उद्या शेडमध्ये जाईल, हाच घेऊन वर्षभर मशीनवर बसेल, हे खोआतला दिसत होतं.

त्याने गुडघा छातीपर्यंत वर घेतला. बगळ्यासारखा एका पायावर डुलला, पडतो की काय असं वाटेपर्यंत डुलला, आणि टुणकन उडी मारून बुटांसकट घरात आला.

"फसवलं की नाही?" तो म्हणाला.

म्हातारीने त्याच्या दंडावर दोन चापट्या मारल्या आणि मेल्या म्हणता म्हणता जीभ चावली. दुएत हसत हसत कपाळावर हात मारत होता, कारण नेमका आताच व्हिडिओ बंद होता. काका, परत बाहेर जा ना, परत या, असं तो म्हणाला. म्हातारी म्हणाली, काही नको, एकदा आलंय ते आलंय. गामने तबक टेबलावर ठेवलं आणि बाहीने डोळे पुसले. तिचं हसू थांबत नव्हतं.

"भरभराट होऊ दे," खोआत दरवर्षीच्या मोठ्या आवाजात म्हणाला. "विसाची चाळीस होऊ देत."

आवाज जरासुद्धा हलला नाही. इतक्या वर्षांची सवय होती त्याला.

दुएतने त्याला खुर्ची दिली, स्वतः स्टूल ओढून समोर बसला आणि यंदाचा सल्ला विचारला. ते दोघं आणि म्हातारी, तिघंही वाट बघत होते. खोआतने बशीतली आल्याची वडी तोंडात टाकली आणि ती बराच वेळ चावत राहिला. सल्ल्याच्या आधी काका असे थांबतातच, म्हणून कुणी घाई केली नाही.

गाम मधेच उठली, त्याच्या मागे गेली आणि तिने दार लावून घेतलं. आत आलेलं नशीब परत बाहेर जायला नको, म्हणून.