पार्वतीबाईंची भिंत

भागीरथा परातेनं दारात चप्पल काढली आणि समोर पाहून पुन्हा पायात घातली. समोरच्या भिंतीवरचा रंग अजून ओला होता.

भिंत समोरच्या घरातल्या पार्वतीबाईंची. तिच्यावर पक्षाचं भलंमोठं चिन्ह, खाली भागीरथाचं नाव.

"कशी वाटली, काकू?" ब्रश झटकत पंकजनं विचारलं. तो पक्षाचा वॉर्डातला कार्यकर्ता. "तुम्ही आज हो म्हणणारच. म्हटलं, आधीच रंगवून टाकू."

पक्षाच्या तिकिटाला ती खरंच हो म्हणणार होती. संध्याकाळपर्यंत तिकीट वाटणाऱ्या भाऊंना कळवायचं, एवढंच उरलं होतं.

मागे.

पहिलं चिन्ह शिट्टी. हातमागाच्या साड्या गांधीबागेच्या कापडबाजारात स्वतः नेऊन विकणारी बाई पहिल्यांदा निवडणुकीला उभी राहिली. म्हणाली, "सरकारनं मले काही देऊ नये. फक्त वाटेतून बाजूले सरावं." लोक हसले. अनामत गेली.

पतंग. "पोह्याच्या ठेल्याले परवाना काहून पाहिजे?" टाळ्या पडल्या, मतं नाही.

शिलाई मशीन. हरली, पण थोडक्यात.

अपक्षाला दर खेपेला नवं चिन्ह. ते मिळालं की ती दारोदार फिरायची: तुमच्या भिंतीवर रंगवू का? ज्याची भिंत त्याचा शब्द. न विचारता एक रेघ नाही. पार्वतीबाई दर खेपेला म्हणायच्या, "नाही वं. मले माही भिंत कोरीच आवडते." मोहल्ल्यात त्याचा विनोद झाला होता: हिला घरासमोरची भिंत जिंकता येत नाही, वॉर्ड काय जिंकणार! यंदा तर लेक मयुराही म्हणाली, "आई, एकदा जिंक. मग बोल काय बोलाचं ते."

पुढे.

"कोणाले विचारलं?" भागीरथा म्हणाली.

"भिंतीले काय विचाराचं, काकू? सगळीकडं असंच चालते. म्हातारी झोपून होती."

"अन् निवडून आल्यावर? तवाही कोणी झोपून असलं तं?"

पंकज हसला. ती हसली नाही. आत जाऊन तिनं पाण्याची बादली आणि दोन फडकी आणली. भिंतीला मात्र हात लावला नाही. आधी पार्वतीबाईंची कडी वाजवली.

दार उघडलं. पार्वतीबाईंनी भिंत पाहिली, मग भागीरथाला.

"आता काय वं?"

"विचाराले आली, काकी. पुसू का?"

"पुसाचंही विचारतं?"

"भिंत तुमची आहे."

 म्हातारी स्टूल ओढून दारातच बसली.

"पूस."

भागीरथानं एक फडकं पंकजच्या हातात दिलं आणि स्वतः आपल्या नावापासून सुरुवात केली. रंग ओघळून तिच्या कोपरापर्यंत आला. पंकजचा फोन वाजू लागला.

"भाऊंचा आहे, काकू. काय सांगू?"

"सांग, काकू भिंत पुसून राहिली."

"अन् तिकिटाचं?"

"तेच सांगतलं मी."

पंकज फोन घेऊन गल्लीच्या तोंडाशी गेला. फडकं बादलीच्या काठावर टाकून गेला.

भिंत हळूहळू कोरी होत आली. पार्वतीबाई स्टुलावरून पाहत होत्या.

"यंदा चिन्ह कोणतं वं तुहं?"

"भेटलं नाही अजून."

"भेटलं की ये विचाराले."

भागीरथाचा हात थांबला. "नाही म्हणाल तं?"

"ये तं खरी."

भागीरथानं फडकं बादलीत बुडवलं, पिळलं, आणि उरलेला कोपरा पुसायला घेतला.