चिंचेतलं लोखंड

टिकारामनं तिसऱ्यांदा दोरी ओढली, मशीन सुरू झालं, आणि गोमाजी घाबरला.

त्या पेट्रोलच्या करवतीला वीस-पंचवीस वेळा दोरी ओढल्याशिवाय जाग येत नसे. त्यामुळे दोघांनी काम वाटून घेतलेलं होतं. साळ्यानं, म्हणजे टिकारामनं, दोरी ओढायची आणि तेवढ्या वेळात गोमाजीनं कुऱ्हाडीच्या माथ्यानं झाडाचा बुंधा चौफेर ठोकून घ्यायचा. चिंचेत लोखंड असतंच, आणि लोखंडाला लागली की करवतीची साखळी तुटते. कुणाच्या अंगात आलं, कुणाचं मूल गेलं, की जाणता, गावचा मांत्रिक, मंत्र टाकून खिळा देतो; तो चिंचेत ठोकला की काय असेल ते झाडात अडकून पडतं, आणि खिळा निघाला की सुटतं. पुढं साल खिळा गिळते. वरून दिसत नाही, पण ठोकलं की आवाज बदलतो, आणि तो गोमाजीला कळे.

आज दोनच ठोके झाले होते. आता मशीनच्या आवाजात स्वतःचं खोकणंही ऐकू येईना.

"बंद करू का?" टिकाराम ओरडला.

"हात नको लावू! मंग सांजेपावतर पेटन का ते?"

हे मशीन गोमाजीनं एक्क्याऐंशी साली जुन्यात घेतलं होतं, चिखल्याकडच्या एका लाकूडवाल्या ठेकेदाराचा धंदा बसला तेव्हा. "एकदा सुरू झालं की थांबत नाही," असं ठेकेदार म्हणाला होता. ते खरंच होतं. थांबवलं तर परत सुरू होत नाही, एवढंच सांगायचं तो विसरला. नाहीतर एखादा सुटा भाग लागे, आणि तो मुंबईहून येईपर्यंत कापायच्या झाडाला नवी पालवी फुटे.

तरी साकोलीपासून अड्याळपर्यंत गोमाजीला काम मिळे ते मशीनमुळेच. लोकांना घरावर कललेलं झाड यंत्रानं पाडून हवं असे. गोमाजी खाली पाच मिनिटं मशीन वाजवून दाखवी, धूर सगळ्यांच्या नाकात गेला की लोकांचं समाधान होई, मग तो कुऱ्हाड घेऊन वर चढे. तीन वर्षांत एकाचीही तक्रार नव्हती.

आज मात्र ते चालणार नव्हतं. विजेच्या तारांखालची झाडं काढायचा वर्षाचा ठेका निघाला होता आणि 'यंत्र चालू स्थितीत असावे' अशी अट होती. चाचणीला अड्याळच्या भैय्याजी सरपंचांच्या परसातली चिंच ठरली. फांद्या कालच उतरवल्या होत्या. आज फक्त खोड, यंत्रानं, जमिनीसपाट, वीज मंडळाच्या मधुकरराव साहेबांच्या देखत. ठेका मिळाला तर रोज सकाळी सायकल काढून वाकडी झाडं शोधत फिरणं वर्षभर तरी संपणार होतं. घरी बायकोनं तर ते संपल्याचं आळीत सांगूनही टाकलं होतं.

सकाळी त्यानं भैय्याजींना विचारलं होतं, "लोखंड-गिखंड तं नाही ना जी याच्यात?"

भैय्याजींनी उत्तर साहेबांकडे बघून दिलं. "आमच्या घरी असले धंदे चालत नाही. अंधश्रद्धेवर म्या तीन भाषणं देल्ली हायेत."

त्यांची बायको, निर्मलाबाई, तेव्हा चहा घेऊन आली होती. सातवा महिना. आधीची दोन राहिली नव्हती. कप ठेवताना तिनं एकदा चिंचेकडे बघितलं. साहेबांसमोर घरातल्या बाईनं बोलायची त्या घरात पद्धत नव्हती, आणि त्यावर भैय्याजींचं भाषण अजून व्हायचं होतं.

गोमाजीनं गुडघ्याच्या उंचीवर करवत लावली. भुसा उडाला. साहेब गोठ्याच्या सावलीत सरकले. दोन-तीन बोटं आत गेल्यावर कर्रकन आवाज झाला, ठिणगी उडाली, साखळी तुटून गोमाजीच्या पायाशी पडली. मशीन थोडा वेळ नुसतंच ओरडलं आणि गप्प झालं.

गोमाजी वाकला. चिरेत खिळा चमकत होता. त्याला काळा दोरा गुंडाळलेला, दोऱ्यात हिरव्या बांगडीचा तुकडा. पुरुषमाणूस खिळा छातीच्या उंचीवर ठोकतो. हा कुणीतरी खाली बसून, चोरून मारलेला होता.

त्यानं मान वर केली. निर्मलाबाई मागच्या दारात उभी होती. एक हात चौकटीवर, एक पोटावर.

"काय झालं?" साहेबांनी सावलीतूनच विचारलं. "झाडात काही निघालं का? तसं असेल तर सांगा. झाडाचा दोष असला तर चाचणी दुसऱ्या झाडावर घेता येते. यंत्राचा दोष असेल तर मला तसं लिहावं लागेल."

टिकारामलाही खिळा दिसला होता. "साहेब, हे पाहा ना जी, याच्यात—"

"साखळी जुनी होती, साहेब," गोमाजी म्हणाला. त्याचा पंचा चिरेवर पडला होता. "घासून घासून गेली. मशीनचाच दोष हाय."

"नक्की?"

"नक्की जी."

साहेबांनी लिहिलं. अक्षर चांगलं होतं. जीप गेल्यावर भैय्याजी म्हणाले, "म्या म्हणतच होतो, हे जुनं डबडं टिकत नाही."

"भाऊजी, डोकं फिरलं काय तुमचं?" टिकाराम दातओठ खात कुजबुजला. "आता ताईले मी काय सांगू?"

"सांग, साखळी तुटली. दोर धर."

गोमाजीनं कुऱ्हाड घेतली आणि चिरेच्या हातभर वर नवा घाव घातला. दुपारपर्यंत खोड तार आणि गोठा यांच्या मधोमध, आखून दिल्यासारखं पडलं.

"अन् हा बुंधा कमरेइतका काहून ठेवला बे?" भैय्याजींनी विचारलं. "सपाट ठरला होता."

"त्याच्या खाली मशीनचंच काम व्हतं जी. ते तं गेलं."

भैय्याजी पुटपुटत आत गेले. निर्मलाबाई पाण्याचा गडवा घेऊन आली आणि जरा लांबच थांबली.

"दादा, निघाला का तो?"

"नाही बाई. जिथं व्हता तिथंच हाय. जेवढा आत व्हता तेवढाच."

ती गेली. गोमाजी गडव्यातलं निम्मं पाणी प्याला, उरलेलं मातीत ओतून त्यानं चिखल कालवला आणि चिरेत भरायला बसला. रस्त्यावरून टिकाराम बोंबलत होता की साकोलीची गाडी निघून राहिली, पुढची पाच वाजता हाय. गोमाजी तळहातानं चिखल सारखा करत होता, सालीच्या रेषेला रेष जुळवत.