गवताबद्दल आभार

आमच्या डॉर्चेस्टरात रीत अशी, की देवाकडे काही मागायचं असेल किंवा त्याचे आभार मानायचे असतील तर रविवारी पाद्रीबाबांकडे चिठ्ठी द्यायची. ते ती सगळ्यांसमोर वाचतात आणि चिठ्ठीवाल्यानं तोवर उभं राहायचं. माझी बायको मेहिताबेल दहा महिने एकाच चिठ्ठीसाठी उभी राहत होती. तिची धाकटी बहीण झेरुया पलीकडे बॉस्टनमध्ये अडकली होती. इंग्रजांचे लाल डगलेवाले शिपाई शहर धरून बसलेले, आत देवीची साथ, आणि बाहेर स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या आमच्याच अमेरिकी फौजेचा वेढा.

मी कधी चिठ्ठी दिली नाही. मी चिक्कू माणूस, मला देवाचंही मिंधेपण नको असायचं.

मार्च लागला आणि आमच्या फौजेचा कॅप्टन दारात आला. सगळं वाळलं गवत हवंय म्हणाला. कशाला, ते सांगेना. मी अंगणात असा आरडाओरडा केला की शेजारी कुंपणाशी जमले.

"माझ्या गाई काय आता तुमचं स्वातंत्र्य चघळणार?"

त्यांनी गंजी उचलून नेलीच.

दोन दिवसांनी उलगडा झाला. आमच्या गावाजवळच्या टेकडीची वाट शहरातून दिसते. तिच्या कडेला गवताचे गठ्ठे रचून त्यांनी भिंत केली आणि तिच्याआडून एका रात्रीत तोफा वर चढवल्या. सकाळी लाल डगलेवाले बघतात, तर तोफा थेट त्यांच्या जहाजांवर रोखलेल्या. शहरात लढाई झालीच नाही. सतरा तारखेला सगळे जहाजात बसून निघून गेले.

आठवडाभरानं झेरुया आली. तोंडावर देवीचे व्रण, अंगावर मूठभर मांस, पण स्वतःच्या पायांनी चालत आली. वाडगंभर लापशी संपवल्यावर तिनं विचारलं, "भावजी, गाई कशा आहेत?"

"एक गेली," मी म्हणालो. त्या वेळी मला त्या गाईचं काहीच वाटलं नाही.

रविवारी पाद्रीबाबांनी माझी चिठ्ठी उघडली, चष्मा पुसला आणि पुन्हा बघितली.

"एलनेथन आभार मानतो. त्याचं गवत नेल्याबद्दल." त्यांनी मान वर केली. "एवढंच आहे?"

"एवढंच," मी उभ्यानंच म्हणालो. माझा तो तमाशा पाहिलेले शेजारी समोरच होते. कुणी हसलं नाही.

झेरुयानं माझी बाही ओढली. "भावजी, वाचून झालं. बसा आता."

मला बसवेना. मग मेहिताबेलही माझ्या शेजारी उभी राहिली.