राहू द्या

मार्च सरत आला होता. इथे जपानात एप्रिलमध्ये शाळांचं नवं वर्ष सुरू होतं, आणि सभागृहाच्या माडीवरचा माझा शनिवारचा सुलेखनाचा वर्ग पुढे चालणार की नाही, तेच मला कळेना. सभागृहाचे प्रमुख कुवाबारासान यांना मी पत्र लिहून विचारलं होतं, "माझं वय झालं. एप्रिलपासून वर्गाचं कसं करायचं?"

उत्तर एका ओळीचं आलं. "शनिवारचा वर्ग राहू द्या."

चिठ्ठी मी उभ्यानं वाचली, बसून वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली. राहू द्या म्हणजे असू द्या, की राहू द्या म्हणजे नको आता? दोन दिवस जेवणात लक्ष नव्हतं.

शनिवारी 'राहू द्या' एवढंच फळ्यावर लिहिलं आणि मुलांना म्हटलं, "वाचा बरं."

नऊ वर्षांच्या चिनात्सुनं ते आधी मान डोलावत, हसून वाचलं. मग मासेवाल्याला परत पाठवावं तसा नाकासमोर हात हलवत वाचलं.

"अक्षरं तीच, सेन्सेई. पण हातानं अर्थ फिरला."

"शाब्बास. पण चिठ्ठीला कुठे हात असतात?"

"चिठ्ठी आलीय होय? मग जाऊन विचारा की!"

"असं तोंडावर विचारू नये. समोरचा अवघडतो."

"म्हणून तुम्ही सकाळपासून येरझाऱ्या घालताय?"

सगळा वर्ग खिदळला. मी उगाच शाई ढवळत राहिलो.

वर्ग सुटल्यावर मात्र राहवेना. खाली कचेरीत गेलो. कुवाबारासाननी किटली उचलली.

"चहा ओतू ना, सेन्सेई?"

"राहू द्या," सवयीनं तोंडातून गेलं.

किटली हवेतच थांबली. "म्हणजे... ओतू, की नको?"

मला हसू फुटलं. खिशातली चिठ्ठी काढून त्यांच्यापुढे ठेवली. "मलाही हेच विचारायचंय."

ते कानापर्यंत लाल झाले. "वय झालं, असं लिहिलंत तुम्ही. वाटलं, सोडायचा असेल वर्ग. बंद करा म्हणावं तर तुम्ही दुखावणार, चालू ठेवा म्हणावं तर भिडेपोटी अडकणार. म्हणून असं लिहिलं, की तुम्हाला हवा तो अर्थ घ्यावा."

म्हणजे घोळ माझ्याच पत्रात होता! जन्मभर मुलांना सांगत आलो, रेघ स्पष्ट ओढा.

"मला वर्ग हवाय," मी म्हणालो. "आणि चहासुद्धा."

इतकं उघड बोलायची सवय नाही. आता माझे कान तापले. कुवाबारासाननी किटली कलती केली.