लाल खिडकी

रुखमिणीबाईंचा सगळा जीव एका खिडकीत. अड्याळच्या त्यांच्या घरातलं स्वयंपाकघर धुराने काळंकुट्ट झालेलं, पण खिडकी उघडली की बोळापलीकडे कौशल्याबाईची खिडकी. भाजीच्या मिठापासून सुनांच्या तक्रारींपर्यंत सारा कारभार तिथूनच चालायचा. आता घराची दुरुस्ती निघाली, अन् बाईंना खिडकीची काळजी लागली.

सून खुशबू भंडाऱ्याला एका बिल्डरच्या ऑफिसात नकाशे करायची. पोरगी गुणाची, पण कायम घाईत. घरातला कुठलाही बदल ठरला की मोबाइलवर रंगवून दाखवायची. त्या दिवशीही तिने फोन सासूपुढे धरला.

"आई, नीट पाहून घ्या. उद्या सुखराम मिस्त्री काम सुरू करतात. चालेल ना?"

भिंती पांढऱ्या, ओटा हिरवा, अन् खिडकी? लालभडक! रुखमिणीबाईंचा जीव भांड्यात पडला.

"चालते ना बाई, एकदम चालते!"

दुसऱ्या दिवशी त्या मिस्त्रीला चहा द्यायला गेल्या, तर सुखराम खिडकीतच विटा रचून राहिला होता! अर्धी खिडकी बुजली होती. उरलेल्या फटीतून कौशल्याबाई ओरडली, "काहून वं रुखमा, माझं तोंड नको झालं का तुले?"

बाईंचे डोळे भरून आले. तशाच त्या सुनेपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"बुजवाचीच होती तं तोंडावर सांगाचं होतं. लाल कायले दाखवली मले?"

"आई, आमच्या ऑफिसात लाल म्हणजे काढायचं! हिरवं म्हणजे नवीन."

"लाल म्हणजे काढाचं? अवं, लग्नपत्रिकेले, नव्या गाडीले कुंकू लावतो, ते का मोडाले लावतो?"

खुशबूला हसू फुटलं, पण सासूचे डोळे पाहून तिने फोन बाजूला ठेवला.

"खिडकी एवढी हवी होती, तर बोलल्या का नाही?"

"तू इचारलं, चालेल का. मी म्हटलं, चालते. आणखी कसं बोलाचं?"

खुशबूने देव्हाऱ्यातला करंडा आणला अन् चौकटीला कुंकवाचं बोट लावलं. "सुखरामभाऊ, विटा काढा. या घरात लाल ते राहणार."

"ऑफिसात येगळं, घरात येगळं! मी कोनाचं आयकू?" सुखराम कुरकुरला.

"आईंचं," खुशबू म्हणाली.

विटा उतरल्या. पलीकडून कौशल्याबाईने वाटीभर भाजी पुढे केली. "मीठ पाह्य वं."

रुखमिणीबाईंनी वाटी सुनेच्या हातात दिली. "तू पाह्य. आता हे खिडकी तुझीबी."

कौशल्याबाईचं तोंड पडलं. "अन् सुनांच्या तक्रारी आता कुठं कराच्या वं?"