परसबागेची पहिली भाजी

मी एक जुनी लोखंडी कढई आहे. बूड काळंठिक्कर, एक कान डुगडुगता. पण तोरा म्हणाल तर नव्या कुकरलाही ऐकायची नाही. गडचिरोलीच्या बाजारातून एस.टी.च्या टपावर बसून मी जंगलातल्या या माडिया आदिवासींच्या गावी, शाळेच्या स्वयंपाकघरात आले. तेव्हापासून पोरांची दुपार माझ्यावर आहे.

मित्रांनो, यंदा पोरांनी शाळेमागे परसबाग केली. सगळ्यांत जास्त पाणी धुरपतानं घातलं. ही धुरपता म्हणजे नुसती काडी. वजनकाट्यावर उभी राहिली तरी काट्याला पत्ता लागत नसे. वालाला शेंगा धरल्या तेव्हा मूल गावाहून नव्याने आलेल्या दीपिकाबाई हरखल्या. स्वयंपाकीण सोमारीबाई माहेरी गेली होती, म्हणून त्यांनी स्वतःच पदर खोचला आणि माझ्यात शेंगांची भाजी रांधली. वास असा सुटला, की माझं मलाच कौतुक वाटलं!

पण पोरांनी कोरडा भात खाल्ला. भाजीला कुणी बोटही लावलं नाही.

"एवढी मेहनत पाण्यात गेली! भाजी आवडतच नाही, तर बाग हवी कशाला? उद्यापासून बंद," बाई म्हणाल्या.

मी भरलेलीच चुलीवर बसून राहिले. मनाला फार लागलं.

तेवढ्यात धुरपता पुढे आली. "बाई, आवडत नाई असं नाई. भूक लागून राह्यली. पण पंडुम व्हाचा हाय."

"म्हणजे काय गं?"

"नवं पीक पहिले गावदेवाले. मंग आमाले."

शाळा सुटताच बाई गावचा पुजारी झिंगू गायता याच्या घरी गेल्या.

"भाऊ, चुकलं माझं. आता बाग टिकाले काय करू?"

झिंगूभाऊ हसला. "बाग पोराईची, त पंडुमबी पोराईच्याच अंगणात करू. तुमी कढई घासून ठेवा."

पंडुमाच्या दिवशी मला राखेनं लख्ख घासलं आणि माझ्यात पुन्हा वालाच्या शेंगांची भाजी रांधली. पहिला वाटा पानावर गावदेवाला गेला, मग पोरांची झुंबड उडाली. धुरपतानं पुन्हा पुन्हा वाढून घेतलं आणि शेवटी माझ्या बुडाचं बोटानं निपटून खाल्लं. इतका आनंद मला जन्मात झाला नव्हता.

मित्रांनो, मला घासूनपुसून कोरडी ठेवा, लोखंडाला तेवढं पुरे. पण कुणाचं ताट भरलेलं राहिलं, तर रागावण्याआधी त्याच्याजवळ बसा, विचारा. पोटात भूक असताना हात आवरणारं लेकरू नखरेल नसतं.