नजरेचा नियम

मॉडेल विमानं उडवणाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेचं कार्यालय टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत होतं. तिथल्या कागदांनासुद्धा रबराचा वास यायचा. सभासदांची नोंद गुलाबी कार्डांवर, निवडणूक पोस्टकार्डांवर, आणि नियमावली इतकी जुनी की तिच्यात रिमोटवर उडणाऱ्या विमानांना 'नवीन प्रकार' म्हटलेलं. तरी कुणाचं काही अडत नव्हतं. मग एका मेळाव्यात एका म्हाताऱ्या सभासदाला उन्हात आपलं विमान दिसेनासं झालं आणि ते बघायला आलेल्या बाईच्या खांद्यावर आदळलं. तिचं हाड मोडलं. विमान खात्याचं पत्र आलं: वर्षभरात कारभार सुधारा, नाहीतर मैदानांच्या परवानग्या रद्द.

मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार, असा प्रश्न आला तेव्हा सगळ्यांनी चष्मेवालीकडे पाहिलं. तिचं चष्म्याचं दुकान होतं, डोळे तपासण्याची परीक्षा ती रीतसर पास झालेली, वय एक्कावन्न, आणि कुणाला 'नाही' म्हणायला ती कचरत नसे. शिवाय ती उस्तादांची मुलगी होती. उस्ताद म्हणजे तिचे वडील. कारखान्यात लेथवर आयुष्य काढलेले, संघटना सुरू करणाऱ्या अकरा जणांतले एक. आता त्या अकरांपैकी ते एकटेच उरले होते. ती नऊ वर्षांची असताना त्यांनी तिच्या हातात पॉलिश पेपर देऊन सांगितलं होतं, "घास. पंख गुळगुळीत झाला की सांग." ती चार दिवस घासत होती.

सरचिटणीस झाल्यावर तिनं कार्डं कपाटातून काढली, नोंदणी कॉम्प्युटरवर घेतली, प्रत्येक मैदानाचा नकाशा करवून घेतला. जिथली परवानगी नव्हती ती मैदानं बंद केली. त्यात गावाबाहेरची जुनी धावपट्टीही गेली, जिथं ती स्वतः उडवायला शिकली होती. आणि एक नियम तिनं स्वतःच्या हातानं लिहिला: दरवर्षी डोळे तपासायचे, नजर ठरलेल्या मापाखाली गेली, तर एकट्यानं विमान उडवायचं नाही.

त्या नियमावर सभेत रण माजलं. अर्धे सभासद हॉलमध्ये, अर्धे पडद्यावर, आणि सगळे एकदम बोलत होते. "आम्हाला आंधळे ठरवता का?" एकजण ओरडला. अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते, भांडणाला भिणारे. ते नुसते पाण्याचा ग्लास फिरवत बसले.

तेव्हा उस्ताद उठले. "ज्याला दिसत नाही त्यानं उडवू नये," ते म्हणाले. "यात वाद कसला? त्या बाईच्या जागी आपलं कुणी असतं तर?"

नियम मंजूर झाला. घरी जाताना मुलीला वाटलं, बापानं पाठ राखली. त्या आनंदात तिला झोपसुद्धा लागली नाही.

पुढच्याच आठवड्यात ते दुकानात आले. "माझ्यापासून सुरू कर," म्हणाले. "म्हणजे बाकीच्यांची तोंडं बंद होतील."

खुर्चीत बसून त्यांनी भिंतीवरचा तक्ता खडाखडा वाचला. अगदी शेवटची ओळसुद्धा. ती फॉर्मवर सही करायला वाकली आणि थांबली. ती ओळ या दुकानात गेल्या वीस वर्षांत फार थोड्यांनी वाचली होती. आणि गेल्या वीस वर्षांत रोज संध्याकाळी ते याच खुर्चीत बसून तिच्याबरोबर चहा पीत होते.

तिनं ड्रॉवरमधून दुसरा तक्ता काढून टांगला.

"आता हा वाचा, बाबा."

त्यांनी मान किंचित डावीकडे वळवली, डोळ्याच्या कोपऱ्यातून बघावं तशी. वरची दोन अक्षरं सांगितली. तिसरं चुकलं. चौथ्याला त्यांनी "पुसट छापलंय" म्हटलं.

तिनं दिवा घेऊन डोळ्यात पाहिलं. दोन्ही पडद्यांच्या मधोमध डाग होता. तो काल-परवाचा नव्हता. तेव्हा तिला एकेक गोष्ट उमगत गेली: वर्षभरापूर्वी त्यांनी आपल्या पिवळ्या विमानाचं पोट काळं रंगवलं होतं, "जरा नवी फॅशन" म्हणून. ताटातलं मीठ ते बोटानं चाचपायचे. बोलताना तिच्या चेहऱ्याकडे न बघता कानाकडे बघायचे. जगाचे डोळे तपासायचे आणि घरात दिव्याखाली अंधार.

"मोठ्या डॉक्टरांना दाखवू या," ती म्हणाली. "पण गेलेलं परत येणार नाही, बाबा. उरलेलं सांभाळता येईल."

"सही कर."

"कशी करू?"

"पेनानं."

"बाबा, दोन रिमोट जोडता येतात. तुम्ही उडवा, मी शेजारी उभी राहीन. गरज पडली तरच हात लावीन."

"म्हणजे उडवणार तू, आणि मी नुसत्या रिमोटच्या काड्या हलवणार." ते उठले. दारापाशी थांबून म्हणाले, "सभेत मी बोललो नसतो, तर तुझा नियम पडला असता."

"माहीत आहे."

"तेव्हा माझा शब्द गोड लागला."

तिनं फॉर्मवर 'अपात्र' लिहिलं.

त्यानंतर ते संध्याकाळी दुकानात आले नाहीत. घरी तिच्याशी बोलायचे ते आईमार्फत. "तिला सांग, पंखा बंद कर." ती समोरच बसलेली असायची.

पंधराएक दिवसांनी सकाळी दहाला आईचा फोन आला. "हे पहाटेच बाहेर पडलेत. माळ्यावरची पेटी नाहीये."

पेटीत विमान असायचं. चष्मेवालीनं दुकानाचं शटर ओढलं आणि रिक्षा केली. कुठं जायचं हे तिला विचारावं लागलं नाही.

जुन्या धावपट्टीवर गवत कमरेएवढं वाढलं होतं. रिकाम्या पेटीशेजारी ते सिमेंटवर बसले होते, रिमोट मांडीवर. पायजमा गुडघ्यापर्यंत काट्यांनी फाटलेला, नडगीवर रक्त सुकलेलं.

"गेलं," ते म्हणाले.

ती शेजारी बसली. किती वेळ उडवलं, असं तिनं विचारलं.

"सात-आठ मिनिटं. वर जाईपर्यंत ठीक होतं. मग नुसता आवाज. आवाजावर फिरवत होतो. चांगलं फिरत होतं ग." त्यांनी तोंड पुसलं. "मग इंधन संपलं. आवाज बंद झाला. त्यानंतर ते कुठं आहे, मला काही कळलं नाही. वर बघत उभा राहिलो. मला वाटलं, डोक्यावरच पडेल. पडलं असतं तर बरं झालं असतं."

"असं बोलू नका."

"पलीकडे रस्ता आहे. तिथं कुणाला लागलं असेल का?"

ती लगेच उठली. पुढचे तीन तास ती गवतात, नाल्यात, रस्त्याच्या दोन्ही कडांना शोधत फिरली. चहाच्या टपरीवर विचारलं, मेंढ्या चारणाऱ्याला विचारलं. कुणाला लागलं नव्हतं. कुणी काही पाहिलंही नव्हतं. विमान सापडलं नाही, ना तेव्हा, ना नंतर.

परतताना रिक्षात ते म्हणाले, "नोंद करावी लागेल तुला."

"कुणाला कळणार आहे, बाबा?"

"तुला कळलंय ना? तू सरचिटणीस आहेस. त्या बाईच्या वेळी आपणच म्हणालो होतो, लपवायचं नाही."

तिनं फोन काढला. अपघात नोंदवायचा तो फॉर्म तिनंच बसवून घेतला होता. ते एकेक उत्तर सांगत गेले: ठिकाण, वेळ, पंखांची लांबी. कारण काय, या रकान्यापाशी ती थांबली तेव्हा ते म्हणाले, "लिही, उडवणाऱ्याला दिसत नव्हतं." तिनं बटण दाबलं. दुसऱ्या क्षणी उत्तर आलं: सभासदत्व स्थगित. तिनं ते वाचून दाखवलं नाही. त्यांनी विचारलंही नाही.

खात्यानं त्या वर्षी संघटनेची पाठ थोपटली. सभासद दुपटीनं वाढले, बहुतेक ड्रोन उडवणारे. अध्यक्षांनी सत्कारात शाल दिली, ती तिनं कपाटात तशीच ठेवून दिली. उस्तादांनी विमानं बनवायची हत्यारं जुन्या बाजारात नेऊन दिली आणि दिवसभर रेडिओ लावून बसू लागले. तिच्याशी बोलत होते, पण भाजी, औषध, पाऊसपाणी, एवढंच.

हिवाळ्यात एके दुपारी एक अनोळखी म्हातारा दुकानात आला. शिंपी होता, सहा तास बसनं आलेला. नियमाप्रमाणे डोळे तपासायचे होते. त्याच्या गावात दुसरं कुणी तपासून दिलं असतं, पण तो इथंच आला होता.

तिनं तपासलं. काचबिंदूनं डोळ्यामागची नस सुकलेली. तिनं त्याला सरळ सांगितलं.

शिंप्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "खरं सांगू का बाई, तुझ्याशी भांडायला आलो होतो. वाटेत कळलं, स्वतःच्या बापालाही थांबवलंस म्हणून." तो थोडा वेळ टोपीची शिवण चाचपत राहिला. "मग आता माझी काय तक्रार असणार?"

तिला वाटलं, यानं भांडावं. जोरात भांडावं, काच फुटेल इतकं. पण तो उठला, भिंतीला हात लावत दारापर्यंत गेला.

"पायरी आहे," ती म्हणाली.

"हो, हो," म्हणत त्यानं पाऊल पायरी सोडून पुढं टाकलं. ती धावली आणि त्याचा दंड धरला. त्याला बसमध्ये बसवून देईपर्यंत तिनं तो सोडला नाही. दुकानात परतली तेव्हा बाकावर दोन गिऱ्हाइकं थांबलेली होती. तिनं हात धुतले, दिवा लावला आणि पहिल्याला आत बोलावलं.